अण्णांच्या वाटेवरच्या नोटा

हैदराबादेत काचीगुड्याच्या बाजारात कैऱ्या फोडणारे येऊन बसले, की आमच्याकडे उन्हाळा खरा लागला असं समजतात. लोखंडी पात्याखाली कोयीसकट कैरी फुटते, त्याचा एक कोरडा आवाज असतो. मग महिनाभर बरकतपुऱ्याच्या गल्ल्यांमध्ये मोहरीच्या पुडीचा झणका भरून राहतो. तेलुगू शेजारणी त्यांचं तिखट आवकाय लोणचं घालतात, मी माझं साधं लोणचं घालते, आणि वाट्या इकडून तिकडे जातात. आमच्या घरात याच दिवसांत आणखी एक काम असायचं. कपाटातले अल्बम काढून त्यांना हवा द्यायची. पावसाळ्यात कागद दमट होतो, बुरशीचे ठिपके धरतात. म्हणून उन्हाळ्यातच, सावलीत, पंखा अगदी हळू ठेवून एकेक पान उघडायचं. ऊन लागू द्यायचं नाही, रंग उडतात. हे सगळे नियम यांचे. गेल्या श्रावणात हे गेले. यंदा मी एकटीनेच अल्बम काढले आणि जेवायच्या टेबलावर पसरून ठेवले.

हे नोटा जमवायचे. आफ्रिकेतल्या, आणि त्याही एका ठरावीक काळातल्या. तिथले देश नुकतेच स्वतंत्र झाले होते आणि आपापल्या नावाने पहिल्यांदा पैसे छापत होते, तेव्हाच्या. वीज खात्यातली नोकरी, काचीगुड्यातलं बालपण, बोलण्यात निम्मं मराठी आणि निम्मं दखनी, असा हा माणूस. त्याला केनिया आणि टांझानियाचं काय पडलंय, असं लोकांना वाटायचं. कुणी विचारलं तर हे म्हणायचे, “शौक है, और क्या.” पुढे बोलायचे नाहीत.

मला त्यामागची गोष्ट सासूबाईंनी सांगितली होती. लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी, पोळ्या लाटता लाटता. माझे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, गणिताचे शिक्षक होते. घर मूळचं उदगीरकडचं. शेती भावांनी सांभाळली आणि अण्णा शिकून हैदराबादला आले. झांबिया स्वतंत्र झाला तेव्हा तिथे भराभर शाळा निघत होत्या आणि शिकवायला माणसं मिळत नव्हती. भारतातून शिक्षक मागवत होते. अण्णांनी अर्ज केला. मुंबईहून बोटीने मोंबासा, मग दार-ए-सलाम, तिथून खडबडीत रस्त्याने दिवसचे दिवस प्रवास करून किटवे नावाच्या गावी पोचले. तांब्याच्या खाणींचं गाव. बस्तान बसलं की बायको-मुलाला बोलावून घ्यायचं, असं ठरलं होतं. हे तेव्हा पाच वर्षांचे होते.

बोलावणं आलं नाही. चौथ्या वर्षी तार आली. मलेरियाचा ताप डोक्यात गेला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. तिथल्या गुजराती दुकानदारांनी नदीकाठी दहन केलं, अस्थी तिथल्याच काफुए नदीत सोडल्या, असं कुणाकडून तरी कळलं. काही महिन्यांनी बोटीने एक पेटी आली. तिच्यात दोन कोट, शर्ट, गणिताची पुस्तकं. एका शर्टाच्या खिशात झांबियाच्या चलनाची, एक क्वाचाची नोट राहून गेली होती. सासूबाईंनी ती देवाजवळ ठेवली. “हळदकुंकू नको लावू म्हटलं मी स्वतःलाच,” त्या म्हणाल्या, “परक्या मुलखाचा कागद, त्याला काय कळायचं.” आणि पोळी तव्यावर टाकली.

हे नोकरीला लागल्यावर एका रविवारी अबिड्सला फुटपाथवर जुनी पुस्तकं बघत होते. तिथे एकाने जुनी नाणी मांडली होती, आणि नाण्यांखाली वारा लागू नये म्हणून दाबून ठेवलेली टांझानियाची एक नोट होती. यांच्या मनात आलं, अण्णा उतरले त्या बंदरात हीच चालत असणार. चहा घेतला असेल, हमालाला दिले असतील, ते यातूनच. ती नोट यांनी घेतली. मग केनियाची आली, हारीने चहा खुडणाऱ्या बायकांची. मग झांबियाच्या. अण्णांची वाट अशी नोटांनी भरत गेली. ती भरल्यावरही हात थांबेना. युगांडा आला, घाना, गिनी, माली. अण्णा तिकडे कधी गेलेच नव्हते. मी एकदा म्हटलं, “आता हे कशाला?” तर म्हणाले, “काळ तर तोच आहे ना.”

मला त्या नोटांचं मूल्य कळत नाही, पण चित्रं फार आवडतात. झांबियाची एक तपकिरी नोट आहे, अगदी पहिल्या दिवसांतली. पुढच्या बाजूला पक्षी. मागे शेत, आणि त्या एकाच शेतात ट्रॅक्टरही चाललाय आणि बैलांचा नांगरही. युगांडाच्या नोटेवर कापूस वेचणारी माणसं. कुठे धबधबा, कुठे खाणीचा मनोरा. नव्या देशांनी आपल्याला काय काय हवंय ते जणू चित्रं काढून सांगितलं होतं. आपल्याकडेही पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर होता आणि शंभराच्या नोटेवर धरण होतं, हे आठवतं. त्या देशांपैकी पुष्कळांचं पुढे फार वाईट झालं. ते पैसे बाजारातून गेले, त्यांच्यावरचे हसरे पुढारी गेले, काहींना तर घालवून दिलं. चित्रातली माणसं मात्र अजून कापूस वेचतायत. हे पाहिलं की मला वाईट वाटतं, आणि कुणाबद्दल वाईट वाटतंय ते नेमकं सांगता येत नाही.

मला सांगायचंय ते गेल्या उन्हाळ्याबद्दल.

यांना काचबिंदू होता. बरीच वर्षं थेंब चालू होते, दोनदा ऑपरेशन झालं. पण काचबिंदू कडेने येतो. आधी बाजूचं दिसेनासं होतं, दाराची चौकट खांद्याला लागायला लागते, पाण्याचा पेला हात लागून सांडतो. मग मध्ये एक भोक तेवढं राहतं. गेल्या उन्हाळ्यात ते भोकही लहान होत चाललं होतं. नजर आता जाणार, हे डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं नाही, यांच्यासमोरच सांगितलं, आणि ते बरं केलं. घरी येताना रिक्षात हे म्हणाले, “एकदा सगळ्या नोटा बघून घेतो.”

त्या दिवसापासून सकाळ-दुपार व्हरांड्यात बसून भिंगातून एकेक नोट बघायचं चाललं. नोटेचा एक तुकडा दिसायचा. मग भिंग सरकवायचं, मग पुढचा तुकडा. पूर्ण चित्र एकदम दिसत नव्हतं. ते आठवून जोडायचे.

अशाच एका दुपारी करंट गेला. मे महिन्यात जायचाच. आमच्या शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आफ्रिकेतल्या तीन मुली भाड्याने राहत होत्या. विद्यापीठात औषधशास्त्र शिकायला आलेल्या, शेवटच्या वर्षाच्या परीक्षा चालू होत्या. यांनी वीज खात्यात काम केलेलं सगळ्या गल्लीला ठाऊक, त्यामुळे करंट गेला की विचारायला लोक आमच्या फाटकाशी येत. त्यांतली एक मुलगी आली. हातात पुस्तक, त्याचाच पंखा करून वारा घेत होती.

“अंकल, कब आता करंट?”

“ट्रान्सफॉर्मर गरम हुआ होगा. एक घंटा लगता,” हे म्हणाले.

ती जायला वळली आणि यांच्या हातातल्या नोटेकडे बघून थांबली. “हे तर आमचे पैसे,” ती इंग्रजीत म्हणाली. मग जवळ येऊन वाकली. “नाही. आमचे जुने पैसे. असे मी कधी पाहिले नाहीत.”

यांनी भिंग खाली ठेवलं. “तू कुठली?”

“झांबियाची.”

“झांबियात कुठली?”

“किटवे.”

मी आतून पन्हं घेऊन आले, तेव्हा हे नोट हातात धरून तिच्याकडे तोंड करून बसले होते. ती बिचारी आपलं काही चुकलं का, असं बघत होती. मी तिला पेला दिला आणि नाव विचारलं. म्हणाली, “चंदा.” मला वाटलं इथल्या लोकांना सोपं जावं म्हणून घेतलं असेल. तर नाही, तिच्या भाषेतलंच नाव. तिथे मुलामुलींना सर्रास ठेवतात.

मग हे बोलायला लागले. त्यांच्या लग्नाच्या बायकोला जे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलं नाही, ते त्या मुलीला सांगितलं. बोट, रस्ता, शाळा, ताप, नदी. ती ऐकत होती, आणि हातातलं पुस्तक तिने मिटून मांडीवर ठेवलं होतं.

त्यानंतर चंदा रोज दुपारी येऊ लागली. तिची खोली पत्र्याखालची, भट्टीसारखी तापायची. आमच्या व्हरांड्यात वाळ्याचा कूलर होता. ती अभ्यास करायची, आणि कंटाळा आला की अल्बम पुढे ओढून यांना नोटा वाचून दाखवायची. नुसतं “झाड आहे” म्हणायची नाही, कसलं झाड ते सांगायची, त्याचं फळ कसं लागतं ते सांगायची. यांना पुस्तकातून ठाऊक होतं की क्वाचा म्हणजे पहाट. ती हसली. “आमची आजी सकाळी दार वाजवून हेच ओरडते. क्वाचा! उजाडलं, उठा.” हे त्यावर बराच वेळ मान हलवत राहिले. मी ताडगोळे सोलत होते. डोळ्यांसमोर अंधार उतरत असलेला माणूस तो शब्द मनाशी घोळवतोय, हे मला बघवेना, म्हणून मी सालं टाकायला उठले.

शेजारच्या एका बाईंनी मला फाटकाशी गाठून विचारलं, “त्या पोरींना घरात कायको घेता वहिनी? वॉचमनसुद्धा लक्ष ठेवून असतो त्यांच्यावर.” यांनी ते व्हरांड्यातून ऐकलं होतं. “माझे वडील त्यांच्या गावात भाड्याने राहत होते,” ते तिथूनच म्हणाले. “त्यांनाही कुणीतरी घर दिलंच ना.”

परीक्षा संपल्या. चंदाचं शिक्षणही संपलं, ती कायमची घरी निघाली. जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला आली. मी तिला लोणच्याची बरणी बांधून दिली. यांनी तिला एवढंच विचारलं, “किटवेला नदीकाठी आमच्या लोकांना दहन करायची जागा असेल. जमलं तर बघशील?”

“हौ अंकल,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिला ‘हो’ऐवजी आमचं दखनी ‘हौ’ चांगलं जमायला लागलं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत यांचं उरलेलं भोकही मिटलं. एका सकाळी उठून म्हणाले, “सुनंदा, खिडकी कुठेय तेवढं कळतंय.” बस्स. उजेड आणि अंधार एवढा फरक राहिला. अल्बम मी कपाटात ठेवून दिले. यांनी विचारलं नाही.

चंदाने व्हिडिओ पाठवला. मी फोन हातात धरून यांच्या शेजारी बसले. आधी शाळा होती. जुनी इमारत पाडून नवी बांधली होती, जुन्या शिक्षकांची माहिती कुणाला नव्हती, असं ती सांगत होती. मग नदी.

“काय दिसतंय?” यांनी विचारलं.

“पाणी आहे. मातकट. काठाला लव्हाळं आहे.”

“अजून?”

“पलीकडे दोन बायका कपडे धुतायत. एक होडी बांधून ठेवलीये.”

“चौथरा, दगड, काही?”

“नाही हो. नुसता काठ आहे.”

“पुन्हा लाव,” ते म्हणाले. मी पुन्हा लावला. ते पाण्याचा आवाज ऐकत होते. पाण्याला फारसा आवाज नव्हता, वाराच फोनमध्ये घुमत होता. “बरं,” ते म्हणाले आणि उठले, आणि भिंत चाचपत आत गेले. जेवले नाहीत. सासूबाई गेल्या तेव्हाही मी यांना इतकं थकलेलं पाहिलं नव्हतं. बहुतेक मनात कुठेतरी त्यांनी एक दगड धरून ठेवला होता. नाव कोरलेला नसेल, पण दगड.

आठवडाभराने चंदाचा फोन आला. आपल्याकडे दुपार, तिच्याकडे सकाळ. म्हणाली, “अंकल, आजीशी बोला. मी तिला तुमच्या वडिलांबद्दल सांगितलं. ती त्याच शाळेत होती.”

मी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. आजीचं इंग्रजी थोडं, बाकीचं चंदा सांगत होती. आजी म्हणाली, त्या वर्षांत पुष्कळ भारतीय मास्तर आले होते. सगळे कोट घालायचे, सगळे घामाघूम व्हायचे. आम्हां मुलांना त्यांची नावं म्हणता यायची नाहीत. नाव कुणाचंच आठवत नाही, माफ करा. पण गणिताचे एक होते, बारीक अंगाचे. धडा संपून वेळ उरला की ते आम्हांला त्यांच्या देशातलं एक गाणं म्हणायला लावायचे. टाळ्या वाजवत बाकांमधून फिरायचे.

“कसलं गाणं?” यांनी विचारलं.

पलीकडे जरा हसणं झालं. आजी लाजत होती, चंदा आग्रह करत होती. मग त्या म्हाताऱ्या बाईने घसा साफ केला आणि सुरू केलं. गोल, झोका घेतल्यासारखी चाल होती. शब्द घासून गुळगुळीत झाले होते, म्हणून मला पहिल्यांदा कळलेच नाहीत. दुसऱ्या ओळीला मी ते ओळखले.

“बे एके बे. बे दुने चा. बे तिरी सा. बे चोका...”

तिथे ती अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली आणि पुन्हा तिथेच अडली. पुढचं विसरले म्हणाली. माझ्या सगळ्या मुलांना मी हे म्हणून झोपवलं, नातवंडांना नाही, तोपर्यंत निम्मं गेलं होतं.

यांची बोटं टेबलाच्या कडेवर होती. चंदाने दोनदा विचारलं, “अंकल, ऐकू येतंय ना?” मग हे हळूच म्हणाले, “बे चोक आठ. बे पंचे दहा. बे सक बारा.”

मग आजी काहीतरी म्हणाली आणि चंदाने सांगितलं, “ती म्हणतेय, हो, शब्द असेच होते. पण चाल अशी नव्हती.”

“मला ती चाल येत नाही,” हे म्हणाले. मग त्यांनी तिला सांगितलं की हे गाणं नाही, दोनाचा पाढा आहे, गणित आहे. आजीला ते चंदाने समजावल्यावर ती हसायला लागली, हसता हसता तिला खोकला आला. म्हणाली, म्हणजे माझी मुलं गणित ऐकून झोपत होती. हेही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. त्यांनी तिला विचारलं, त्या मास्तरांचा आवाज कसा होता? आजी म्हणाली, आवाज नाही आठवत. टाळ्या आठवतात.

फोन ठेवल्यावर मी यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, “अण्णाच असतील.”

“असतील,” ते म्हणाले. “किंवा दुसरे कुणी मराठी मास्तर असतील. पुष्कळ गेले होते तेव्हा.” थोड्या वेळाने म्हणाले, “मला अण्णांनी पाढे शिकवले नाहीत. ते तिकडे निघाले तेव्हा मी अंकलिपी गिरवत होतो. पाढे आईने घेतले माझ्याकडून. तिचेच पुष्कळ चुकायचे.” रागाने नाही म्हणाले. घरातली एखादी गोष्ट सांगावी तसं म्हणाले. पण मी त्यांचा हात धरला तर तो थंड होता, जूनच्या उकाड्यात.

चंदाचे नंतरही फोन आले. तिला तिकडे एका दवाखान्यात काम मिळालं. हे गेल्याचं मी तिला कळवलं, तेव्हा ती पलीकडे नुसती रडत राहिली आणि मी इकडे फोन कानाला धरून उभी राहिले.

आजीच्या त्या फोननंतर यांच्या वाट्याला फार दिवस उरले नव्हते, पण ते आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. पाऊस सुरू झाला होता. मी सकाळी चहा घेऊन व्हरांड्यात जायचे, तर हे खुर्चीत बसून हळू आवाजात म्हणत असायचे. बे एके बे. बे दुने चा. त्या बाईच्याच उच्चारांत, त्याच झोका घेणाऱ्या चालीत. मांडीवर बोटांनी टाळी धरलेली. बे तिरी सा. बे चोका. तिथवर यायचे आणि थांबायचे. पाढा त्यांना तोंडपाठ होता, तीसपर्यंतचे सगळे होते. पण पुढची चाल कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.